कुडाची खिडकी

किल्ल्यांचा आणि वाड्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. कुडाच्या घराकडे मात्र इतिहासकाराची पावले क्वचितच वळली. कर्जत-खालापूरकडच्या डोंगरपायथ्याला ठाकर-कातकऱ्यांची घरे कारवीच्या काठ्यांची, वर शेणामातीचा गिलावा. तेथे खिडकी करावयाची म्हणजे काही बसवायचे नसते, काही लावायचे ठेवायचे असते! हातभर जागा लिंपायची सोडली, की उघड्या कारवीची जाळी हीच खिडकी. सुताराची मजुरी नाही, की चौकटीचा खर्च नाही. आठ वर्षांनी एकदा फुलून वाळणारी कारवी रानात हवी तेवढी. मधल्या कुडालाही अशी जाळी ठेवली, की चुलीचा उजेड पलीकडे पोचतो. शिवाय पाहुण्याला न दिसता आतल्या बाईला त्याला न्याहाळता येते, ही सोय निराळीच. भोवती गेरूचा पट्टा, त्यावर तांदळाच्या पिठाची बोटे, आणि दसऱ्याला हळव्या भाताच्या लोंब्यांचे तोरण. झाली सजावट!

१८५६ साली आगगाडी खोपोलीला आली, १८६३ साली बोरघाट चढली. मंगळूरला १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. पुढे ती कौले कोकणभर पसरली. मागोमाग विटांची भिंत आणि लोखंडी गज आले. घरे टिकाऊ झाली, पावसाळ्यात भिंत ढासळण्याची धास्ती गेली. त्याबद्दल कुरकुर करणारे आपण कोण? पण गजांची खिडकी ओकीबोकी दिसे, म्हणून जुन्या लुगड्याचा पडदा तिच्यावर चढला. आता तर सिमेंटची तयार जाळी दुकानातून विकत आणतात, आणि तिच्यावरही पडदा लावतात.