बरणी, चिनी मातीची : स्वच्छता व निगा

बरणी, चिनी मातीची : लोणचे, मुरंबा, दही, मीठ अशा आंबट-खारट पदार्थांसाठी वापरायचे, उंच तापमानाला भाजलेले मातीचे भांडे. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढरट, आतून-बाहेरून काचेसारखी चकाकी, असे तिचे रूप मराठी घरांत ओळखीचे आहे. नावात चिनी माती असली तरी ती कपबशीसारखी पातळ आणि उजेड आरपार जाणारी नसते. तिचे अंग जाड आणि दगडासारखे घट्ट असते.

परभणी जिल्ह्यात बरणी वापरतात, पण घडवत नाहीत. जिल्ह्याची जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली काळी कापसाची माती. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि फार उंच तापमानाला टिकत नाही. इथला कुंभार गाळाची माती मळून माठ, रांजण, घागरी करतो. त्याच्या उघड्या भट्टीची आच साधारण 700 ते 900 अंश सेल्सिअस असते, तर बरणीला 1200 ते 1300 अंश लागतात. त्यामुळे बरण्या बाहेरून येतात. उत्तर प्रदेशातील खुर्जा आणि गुजरातेतील थानगढ-वांकानेर ही अशा भांड्यांची जुनी केंद्रे. भट्टीतल्या याच फरकाने माठ पाझरतो आणि बरणी पाझरत नाही. माठाची माती आपल्या वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ शकते, चांगली भाजलेली बरणी साधारण 5 टक्क्यांहून कमी, आणि चकाकीमुळे प्रत्यक्षात जवळजवळ काहीच नाही. तांब्या-पितळेला कैरीचे आम्ल आणि मीठ खाते, बरणीच्या चकाकीवर त्यांचा परिणाम होत नाही. चौदाव्या शतकापासून ब्रह्मदेशातील मर्तबान बंदराच्या नावाने ओळखले जाणारे असे मोठे झिलईदार रांजण जहाजांतून हिंडत होते. इब्न बतूता या प्रवाशाने त्यांत मिठात घातलेले आले, मिरी, लिंबू आणि आंबा पाहिल्याचे नोंदवले आहे.

बरणीला चकाकी नसलेल्या दोन जागा असतात : बुडाची कड आणि झाकण जिथे टेकते तो काठ. भट्टीत भांडे चिकटू नये म्हणून त्या मोकळ्या ठेवलेल्या असतात. पाणी, तेल, वास आणि बुरशी सगळे तिथूनच शिरते. बरणी घासताना लोक पोटावर मेहनत घेतात आणि काठावरून नुसता हात फिरवतात. करायला हवे ते याच्या उलट.

मराठवाड्यातल्या बरणीचा खास त्रास म्हणजे बाहेरून ओघळलेल्या तेलाचा पिवळट, चिकट थर. त्याचे कारण इथल्या शेतात आहे. हा करडईचा मुलूख. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण याच पिकात दिले आहेत. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल 70 टक्क्यांहून अधिक असते. हवेशी संयोग होऊन असे तेल हळूहळू घट्ट होते, म्हणूनच ते रंग आणि वॉर्निशातही वापरतात. लोणच्यावर ओतलेल्या करडईच्या तेलाचा जो ओघळ पुसायचा राहतो, तो वर्षभरात अक्षरशः वॉर्निश होऊन बसतो. तो घासून निघत नाही, भिजवून निघतो. कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून त्यात कापड बुडवावे, ते बरणीभोवती तासभर गुंडाळून ठेवावे आणि मग काथ्याने किंवा घोसाळ्याच्या वाळल्या घासणीने चोळावे. सोडा हाताची कातडी सोलतो, म्हणून हातमोजे घालावेत. पूर्वी हेच काम चुलीतल्या राखेने होई. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या राखेत क्षार असतो आणि तेलाशी मिळून तो साबणासारखा वागतो. राख मात्र चाळून घ्यावी लागते, कारण तिच्यातला खडा चकाकीवर ओरखडा काढतो.

तारेची घासणी वापरू नये. तिने पांढऱ्या भागावर शिसपेन्सिलीसारख्या करड्या रेघा उठतात. तो ओरखडा नसून धातूचा माग असतो. ओल्या खाण्याच्या सोड्याने चोळला तर बहुतेक वेळा जातो. बोअरच्या जड पाण्याने बसलेला पांढरा पापुद्रा लिंबाच्या फोडीने किंवा पांढऱ्या व्हिनेगरने सुटतो. इथे सोडा उपयोगी नाही.

धुण्याहून महत्त्वाचे आहे ते वाळवणे. लोणच्यात साधारण 12 ते 15 टक्के मीठ असते आणि त्या खारटपणात बहुतेक जंतू तग धरत नाहीत. काठाला चिकटलेल्या चमचाभर पाण्याने त्या एका जागी मीठ पातळ होते आणि पांढरी बुरशी तिथूनच धरते. लोणचे ‘लागत नाही’ अशी ख्याती असलेल्या घरांत मसाल्याचे गुपित क्वचितच असते. बहुधा तिथे बरणी कोरडी असते. परभणीचा मे महिना पारा 40 अंशांपलीकडे नेतो, त्याचा हा एक फायदा. मृग लागण्याआधी, म्हणजे 7-8 जूनच्या आत, बरण्या धुऊन दोन-तीन दिवस पूर्ण उन्हात आडव्या ठेवाव्यात. पालथ्या घातल्या तर आतली वाफ बाहेर पडत नाही. बूड सगळ्यात शेवटी वाळते. ते गालाला लावून गार लागले तर आणखी एक दिवस द्यावा.

त्यानंतरची रीत हिंगाच्या धुरीची. लहान निखारा घ्यायचा, त्यावर हिंगाची चिमूट टाकायची, धूर उठला की बरणी वरून पालथी धरायची. दोन मिनिटांत आतून उग्र वास येऊ लागतो. मग लगेच झाकण लावायचे. बरणी आधी उन्हाने तापलेली असावी आणि निखाऱ्यापासून वीतभर उंच असावी. थंडगार बरणीला एका बाजूने आच लागली तर ती तडकते. हेच उकळत्या पाण्याचे. जंतू मारायचे म्हणून गार बरणीत आधणाचे पाणी ओतणे हा तिला फोडण्याचा खात्रीचा उपाय आहे.

याच कारणाने बरणी गॅसवर ठेवायचे भांडे नाही. मातीचा तवा किंवा खापर भरड, सच्छिद्र मातीचे असते, ते आच सोसते. घट्ट भाजलेल्या भांड्याला आतला-बाहेरचा फरक सहन होत नाही. आता बाजारात मिळणाऱ्या अशाच मातीच्या बेकिंगच्या भांड्यांनाही तोच नियम : फ्रीजमधून थेट तापल्या ओव्हनमध्ये नाही, आणि तापलेले भांडे ओल्या ओट्यावर नाही.

भरलेल्या बरणीची निगा थोडक्यात. लोणच्याच्या फोडींवर बोटभर तेल, तोंडावर धुतलेल्या सुती कापडाचा दादरा, वाढायला कोरडी पळी. दादरा पावसाळ्यात सर्द होतो, तेव्हा आठवड्याला बदलावा. रिकामी बरणी घट्ट झाकून ठेवू नये, कोंदट वास धरते. कापड बांधून ठेवावी. मुरलेला वास जात नसेल तर मोहरीची पूड कोमट पाण्यात कालवून रात्रभर आत ठेवावी आणि मग पुन्हा ऊन द्यावे.

घेताना टिचकी मारून पाहावी. खणखणीत नाद आला तर अंग चांगले भाजलेले आहे, बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे. जत्रा-उरुसात मिळणारी भडक रंगाची, हलकी, कमी भाजलेली भांडी शोभेला ठीक. तशा झिलईत शिसे असू शकते आणि आंबट पदार्थात ते उतरते. वापरातल्या बरणीच्या बाहेरून मिठाचे पांढरे फूल फुटू लागले, तर आतली चकाकी फाटली आहे आणि मीठ अंगातून झिरपते आहे असे समजावे. अशी किंवा तडा गेलेली बरणी एम-सील, सिमेंट लावून पुन्हा लोणच्यासाठी वापरू नये; कोरडी डाळ किंवा पेरणीचे बियाणे ठेवायला ती चालते.