मधुमेह आणि आपल्या मावळातले ताट

इतिहास म्हटला की भोर-वेल्ह्याकडे राजगड, तोरणा आणि पंतसचिवांचे संस्थान यांच्याच गोष्टी निघतात. मी सातवी शिकलेली बाई; मी ताटाचा इतिहास सांगणार आहे, कारण आपल्या मंडळात शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या पुष्कळजणी आहेत.

हा रोग नवा नव्हे. चरकसंहितेतल्या वीस प्रमेहांत मधुमेह आहे. बसून-लोळून राहणे, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ही कारणे तेथे दिली असून रोग्यास जवाचे अन्न सांगितले आहे. पुढे अमेरिकेत डॉ. ॲलन रोग्याला जवळजवळ उपाशीच ठेवीत. आयुष्य थोडे वाढे, पण माणूस काडीसारखा होई. १९२१ साली टोरांटोस बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले, तेव्हा कोठे ती उपासमार सुटली.

आपल्या हिरडस मावळात, कानद खोऱ्यात खाचरांत भात आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरई होई. सासूबाई सांगतात, पहाटे जाते, मग उखळात सडण. तांदळावर कोंडा राहायचाच. नाचणीची भाकरी, हुलग्याचे माडगे, रानातली भाजी. गिरणी आली, तांदूळ पांढराशुभ्र झाला आणि साखरेचा चहा दिवसातून चारदा होऊ लागला. अंगमेहनतही गेली. (ते कष्ट परत यावेत असे मात्र कोणी बाई म्हणणार नाही!)

२०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जगभर पाळले गेले, तेव्हापासून नाचणीचा फार बोलबाला आहे. पण नाचणीतही पिष्ट आहेच. पेलाभर आंबील किंवा सत्त्व प्यायल्याने साखर भराभर चढते. त्यापेक्षा एक भाकरी, भरपूर भाजी आणि उसळ बरी. उपासाचा साबुदाणा तर निव्वळ पिष्ट.

आमच्या जाऊबाईंनी एका एकादशीला गोळी घेतली आणि काहीच खाल्ले नाही. दुपारी दरदरून घाम, हातपाय लटलट कापू लागले. साखर उतरली होती. साखरपाणी दिले तेव्हा सावरल्या. आता डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या उपास धरीत नाहीत, आणि गोळीही मनाने सोडीत नाहीत.

खरी अडचण निराळीच होती. त्या सर्वांच्या मागून जेवायच्या, तोवर भाजी-उसळ संपून पातेल्यात भातच उरे. आता त्यांचे ताट पुरुषांच्या पंगतीलाच वाढतो. सासूबाई पहिले काही दिवस कुरकुरल्या, हल्ली त्याच हाक मारतात, "अगं, आधी तिला वाढ."