युद्धविषयक मराठी शब्दसंपदा : पेण–रोहे परिसर

शत्रू, संघर्ष व लढाई यांसंबंधीचे मराठी शब्द आणि त्यांना पेण व रोहे (जि. रायगड) या परिसरातील मध्ययुगीन इतिहासाने दिलेला आशय. सह्याद्रीचे घाट व कोकणातील खाड्या यांच्यामधील हा टापू अनेक सत्तांच्या सीमेवर होता. १५४० च्या सुमारास पेणजवळील सांकशी व शेजारचा कर्नाळा या किल्ल्यांवरून निजामशाही, गुजरात व पोर्तुगीज यांच्यात झगडा झाला. रोह्यावरून वाहणाऱ्या कुंडलिका नदीच्या मुखाशी रेवदंड्यास पोर्तुगीज, दक्षिणेस जंजिऱ्यास सिद्दी आणि सतराव्या शतकात घाटमाथ्यावर मोगल फौजा, अशी येथील स्थिती होती. त्यामुळे येथे ‘शत्रू’ या एकाच अर्थाचे अनेक शब्द वापरात आले.

यांतील ‘गनीम’ हा शब्द मूळ अरबी असून लूट या अर्थाच्या धातूशी संबंधित आहे. मोगल दरबारचे फार्सी लेखक तो मराठ्यांना उद्देशून वापरीत. मराठी कागदपत्रांत मात्र तोच शब्द प्रतिपक्षासाठी येतो. गनीम कोण, हे लेखकाच्या पक्षावरून ठरे. ‘कावा’ म्हणजे घोड्यास वर्तुळाकार फिरविणे. त्यावरून डावपेच, कपट हा अर्थ रूढ झाला. म्हणून ‘गनिमी कावा’ ही मराठ्यांच्या युद्धतंत्राची संज्ञा प्रत्यक्षात शत्रूने दिलेल्या नावावर आधारलेली आहे. या तंत्राचे ठळक उदाहरण म्हणजे उंबरखिंडीची लढाई (फेब्रुवारी १६६१). पेणच्या पूर्वेस, खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळच्या या अरुंद वाटेत छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची कोंडी केली. रायबाघनच्या सल्ल्याने खान शरण आला, तेव्हा त्यास अभय देऊन जाऊ दिले. परमानंदाच्या शिवभारतात या प्रसंगाचे वर्णन आहे. याच भागातील अंबा नदी पुढे रोहे तालुक्यातील नागोठण्याजवळून वाहते.

इतर शत्रुवाचक नावे बहुधा देश, वंश वा वेष यांवरून पडली. सिद्दींना ‘हबशी’ व ‘शामल’, पोर्तुगिजांना ‘फिरंगी’, तर यूरोपीय व्यापाऱ्यांना ‘टोपीकर’ म्हणत. यूरोपीय पात्याच्या सरळ तलवारीस ‘फिरंग’ हे नाव मिळाले. ही नावे कायमच्या वैराची द्योतक नव्हती. १७३६ मध्ये चिमाजी आप्पाने सिद्दी सात याचा पराभव केल्यावर त्याच वर्षी जंजिऱ्याशी ‘तह’ झाला. रेवदंडाही १७४० मध्ये तहानेच मराठ्यांकडे आला.

लष्करी साधने व संघटना यांच्या नावांतही अनेक भाषांचा मेळ दिसतो. फौज, मोहीम, बुरूज हे शब्द अरबीतून, ‘तोफ’ तुर्कीतून, तर ‘काडतूस’ पोर्तुगीजमधून आला. ‘आरमार’ या शब्दाचे मूळही पोर्तुगीज भाषेत सांगतात. रोह्याजवळील अवचितगड, घोसाळगड, सुरगड आणि पेणचा मिरगड अशा डोंगरी किल्ल्यांच्या संदर्भात माची, मेट, घेरा, वेढा, सुलतानढवा हे शब्द येतात.

राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश  रचण्यात आला. त्याच्या दहा वर्गांपैकी शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग व दुर्गवर्ग यांत फार्सी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले आहेत. ‘सरनोबत’ऐवजी ‘सेनापती’ हे पदनाम रूढ झाले. परंतु तोफ, फौज, किल्ला हे शब्द टिकून राहिले. पदनामे राजाज्ञेने बदलता आली. शिपायाच्या तोंडचे शब्द बदलले नाहीत.

विसाव्या शतकात या शब्दांना नवे अर्थ आले. तोफा डागण्याच्या जागेस वा खंदकास लावला जाणारा ‘मोर्चा’ हा शब्द निःशस्त्र निदर्शनासाठी, तर ‘मोहीम’ लोकोपयोगी कार्यासाठी रूढ झाला. पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबा भावे यांनी १९५७ मध्ये शांतिसेना उभारली. ज्या परिसरात सेनेचा संबंध शतकानुशतके वेढे व लढायांशी होता, तेथे जन्मलेल्या विनोबांनी तोच शब्द अहिंसक लोकसंघटनेस दिला.