शून्य आणि पस्तीस

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर नृसिंहवाडीला बहिणीकडे गेलो होतो. दर्शन घेऊन घाटावर टेकलो. कृष्णेचं पाणी अजून खाली होतं, पायऱ्या मोकळ्या होत्या. भाचा शेजारी येऊन बसला आणि बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, एक विचारायचं होतं. आईला कळणार नाही, तुम्हाला कळेल."

त्याला बंगळूरच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं. सहा महिने प्रशिक्षण, त्यानंतर तीन वर्षं फक्त 'इन्फिनीबँड' या एका तंत्रावर काम. पगार चांगला. दुसरी नोकरी पुण्यात, साधी नेटवर्क सांभाळण्याची. पगार कमी, पण हाताखालून सगळं जाईल. घरात पेढे-बासुंदीचं छोटं दुकान, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. "एकाच गल्लीत शिरलो आणि गल्लीच बंद झाली तर?" हा त्याचा प्रश्न.

प्रश्न रास्त होता. माझं आयुष्य नेटवर्कच्या धंद्यातच गेलं आणि मी स्वतः अशाच एका गल्लीत शिरलो होतो. तिचं नाव एटीएम. पैसे काढायचं यंत्र नव्हे बरं का! हे एटीएम म्हणजे माहिती वाहून नेण्याची एक पद्धत.

१९८० च्या दशकात दोन जाळी वेगवेगळी होती. एक टेलिफोनचं, दुसरं संगणकाचं. आवाजाला नियमितपणा लागतो, तुकडा उशिरा आला की बोलणं तुटतं. संगणकाच्या माहितीला थोडं थांबलेलं चालतं, पण तिचे गठ्ठे मोठे असतात. दोघांना एकाच तारेवर घालायचं तर आवाजाचा चिमुकला तुकडा मोठ्या गठ्ठ्यामागे अडकणार. टेलिफोनवाल्यांनी उपाय काढला तो असा, की सगळ्याच माहितीचे एकसारखे लहान तुकडे करायचे. मोठा गठ्ठा नाहीच, म्हणजे अडकणंही नाही.

तुकडा केवढा असावा, यावर आंतरराष्ट्रीय समितीत चांगलीच जुंपली. युरोपीय म्हणाले, ३२ बाइट. त्यांचे देश लहान. तुकडा भरायला वेळ कमी लागला, तर फोनवरचा प्रतिध्वनी मारणारी यंत्रं बसवावी लागणार नव्हती. अमेरिकेचं अंतरच एवढं, की ती यंत्रं त्यांना लागतच होती. त्यांनी ६४ मागितले. शेवटी बाजारात होते तशी तडजोड झाली: ४८. वर पत्त्याचे ५. एकूण ५३ बाइट. गणिताला ५३ हा आकडा कुठूनच सोयीचा नाही. पण समितीतून निघालेल्या आकड्याकडून सोयीची अपेक्षा कोण करतो?

नव्वदच्या दशकात एटीएमचा बोलबाला असा होता, की घरच्या टेबलावरच्या संगणकापासून समुद्राखालच्या केबलपर्यंत सगळीकडे हेच येणार असं धरून चालले होते. टेलिफोन कंपन्या, यंत्रं बनवणारे, सरकारं, सगळे एका बाजूला. मीही १९९८ साली दोन महिन्यांचा पगार मोजून पुण्यात त्याचा अभ्यासक्रम केला. जाडजूड फाइल मिळाली, प्रमाणपत्र मिळालं.

त्याच वर्षी गिगाबिट ईथरनेटचं मानक मंजूर झालं.

ईथरनेट १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्माला आलेलं, साधं, स्वस्त आणि जरा रांगडं तंत्र. त्यानं एटीएमला हरवलं ते हुशारीनं नव्हे, वेगानं. हिशेब बघा. १५०० बाइटचा गठ्ठा जुन्या ६४ किलोबिटच्या तारेवरून जायला सेकंदाचा जवळजवळ पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात बोलणं तुटतं. गिगाबिटच्या तारेवर तोच गठ्ठा सेकंदाच्या १२ दशलक्षांश भागात जातो. म्हणजे ज्या अडचणीसाठी तुकडे केले, ती अडचणच राहिली नाही. उलट दर ५३ बाइटमागे पत्त्याचे ५ बाइट वाहायचे, नऊ टक्क्यांहून जास्त भाडं नुसत्या पाकिटावर! वर यंत्रं महाग. ज्या कंपनीसाठी मी एटीएमचा आराखडा काढत होतो, तिनं तो बाजूला ठेवला आणि ईथरनेट घेतलं. माझी फाइल माळ्यावर गेली.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे गल्ली बंद झाली." मी म्हटलं, थांब, तुझ्याच घरातली गोष्ट सांगतो.

२००५ मध्ये बीएसएनएलनं ब्रॉडबँड सुरू केलं. पुढे वाडीतही ते आलं. बहिणीकडे जोडणी द्यायला आलेल्या मुलानं मोडेमच्या पडद्यावर दोन रकाने भरले: एकात शून्य, दुसऱ्यात पस्तीस. मी विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "काका, हे असंच भरायचं असतं. नाही भरलं तर चालत नाही." मला हसू आवरेना. ते दोन आकडे म्हणजे एटीएमचा पत्ता. फोनच्या तांब्याच्या तारेवरच्या त्या ब्रॉडबँडच्या पोटात ५३ बाइटचे तुकडेच धावत होते. देशभर कितीतरी घरांत कुणीतरी शून्य-पस्तीस भरत होतं आणि ज्याला मेलेलं समजत होते, ते तंत्र गुपचूप कामावर होतं. आता तांब्याच्या जागी फायबर आलं. पण त्या फायबर-जोडणीची नव्वदच्या दशकातली पहिली रूपंसुद्धा एटीएमवरच उभी होती. पुढे बँका आपल्या शाखा जोडण्यासाठी जे एमपीएलएस वापरू लागल्या, त्यात पाकिटावर छोटी चिठ्ठी डकवून रस्ता ठरवण्याची युक्ती आहे. तिच्यात एटीएमचा अंश आहेच.

आता त्याचं इन्फिनीबँड. हजारो संगणक जोडून एकच मोठं गणित सोडवायचं असतं, तेव्हा एकाला दुसऱ्याच्या स्मृतीतली माहिती सतत लागते. इन्फिनीबँडमध्ये ती मधल्या कुणाला न उठवता थेट उचलता येते. शेजारणीनं आधीच परवानगी दिलेली असावी आणि तिची झोप न मोडता फडताळातली साखर घेऊन यावी, तसं. याचा इतिहास एटीएमच्या अगदी उलटा. १९९९ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी मिळून ते सुरू केलं, ते संगणकातल्या सगळ्याच जोडण्या बदलायच्या इराद्यानं. २००२ मध्ये इंटेलनं त्याच्या चिप बनवण्यातून अंग काढलं. बाजार आधीच कोसळलेला. संपलं, असंच सगळे म्हणाले. पण मेलानॉक्स नावाच्या इस्रायली कंपनीनं हट्ट सोडला नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठानं अॅपलचे साधे संगणक इन्फिनीबँडनं जोडले आणि जगातल्या महासंगणकांत तिसरा क्रमांक मिळवला. २०२० मध्ये एनव्हिडियानं सुमारे सात अब्ज डॉलर देऊन मेलानॉक्स विकत घेतली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची जी प्रचंड यंत्रं उभी राहताहेत, त्यांतल्या पुष्कळांत ते आहे.

म्हणजे सगळ्यांचा पाठिंबा असलेलं हरलं आणि सगळ्यांनी टाकलेलं तगलं. मग आधी ओळखायचं कसं?

इथे मला आपल्या पुण्याच्या सी-डॅकची आठवण होते. अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला आडकाठी केली, म्हणून १९८८ मध्ये ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्याचा पाया म्हणजे ट्रान्सप्युटर ही ब्रिटिश चिप. शेजारच्या चिपांशी बोलायला तिला जन्मजात चार 'हात' होते. तिथल्या मंडळींनी हे चार हात पुरते आत्मसात केले, आणि काही वर्षांत ट्रान्सप्युटरच बाजारातून गेला. किती खोल, किती अरुंद विद्या आणि किती थोडं आयुष्य! पण त्यांनी हात टेकले नाहीत. पुढच्या यंत्रांसाठी त्यांनी 'परमनेट' हे स्वतःचं जाळं बांधलं. २००३ चा 'परम पद्म' परमनेटच्या दुसऱ्या आवृत्तीवर चालला. २०२० च्या 'परम सिद्धी'त मात्र इन्फिनीबँड आलं, आणि स्वतःच्या 'त्रिनेत्र' या जाळ्याचं कामही त्यांनी हाती घेतलं. चिप गेली, तारा बदलल्या. हजार संगणक एकमेकांची वाट पाहत ताटकळू नयेत, हा प्रश्न मात्र तोच राहिला आणि तो सोडवायची सवय त्यांच्या हातात राहिली.

माझ्या फाइलचंही तेच. तिच्यातली बरीचशी पानं एका कंपनीच्या यंत्राला द्यायच्या आज्ञांची होती. ती वाया गेली, पैसेही गेले. रांगा का साचतात, उशीर कसा मोजायचा, ही थोडी पानं मला निवृत्तीपर्यंत पुरली.

इन्फिनीबँडची एक गोष्ट मला खटकते, तीही मी त्याला सांगितली. आज ते जवळजवळ एकाच कंपनीच्या मुठीत आहे. त्यामुळे बाकीचे गप्प बसलेले नाहीत. २०२३ मध्ये एएमडी, ब्रॉडकॉम, सिस्को, इंटेल, मेटा, मायक्रोसॉफ्ट अशांनी मिळून 'अल्ट्रा ईथरनेट'ची आघाडी उघडली. २०२५ मध्ये त्याचं पहिलं मानकही आलं. म्हणजे पन्नाशी ओलांडलेलं ते रांगडं ईथरनेट पुन्हा दारात उभं आहे. एनव्हिडिया स्वतःसुद्धा ईथरनेट विकते.

"म्हणजे जाऊ नको म्हणता?" भाच्यानं विचारलं.

मी तसं म्हटलं नाही. तीन वर्षं जा म्हटलं. कर्ज फिटेल, आणि चोवीसाव्या वर्षी एखादी गोष्ट तळापर्यंत शिकायला मिळणं सोपं नसतं. पण सही करण्याआधी त्यांना दोन गोष्टी विचार. प्रशिक्षणात नुसत्या त्यांच्या यंत्राच्या आज्ञा शिकवणार, की आतलं गणितही? आणि सोडून जायचं झालं तर प्रशिक्षणाचा खर्च परत मागणार का? दुसरा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. पत्रात मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तसं कलम होतं. आम्ही तिथेच, घाटावर, चष्मा लावून ते वाचलं.

कंपनीशी बोलून ते कलम दोन वर्षांवरून एकावर आलं. जूनच्या अखेरीस तो रुजू झाला. परवा त्याचा फोन होता. आधी वाडीच्या पाण्याची चौकशी केली, दक्षिणद्वार झालं का विचारलं. मग म्हणाला, "मामा, गंमत सांगू? पहिले दोन महिने इथे ईथरनेटच शिकवतायत." त्यानं माझी जुनी फाइलही मागितली आहे. बघतो, माळ्यावर उंदरांनी काय शिल्लक ठेवलंय ते.