हाफटाइमचा वस्ताद

भूगावात राहून फुटबॉलवर लिहायचे म्हणजे आळंदीत राहून नाताळावर लिहिण्यासारखे आहे. आमच्या गावचा खेळ कुस्ती. डिसेंबर 2017 मध्ये तर 'महाराष्ट्र केसरी'च आमच्या गावात भरली. अभिजित कटकेने किरण भगतला हरवून गदा खांद्यावर घेतली आणि पुढे महिनाभर चहाच्या टपरीवर दुसरा विषय निघाला नाही. बरोबर एक वर्षाने, डिसेंबर 2018 मध्ये, चांदणी चौकापलीकडे बालेवाडीला एक गोरा वस्ताद येऊन दाखल झाला. एफसी पुणे सिटी या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक. नाव फिल ब्राउन, वय 59. गावात हलगी वाजली नाही, की फटाके उडाले नाहीत.

मला मात्र या माणसाबद्दल पहिल्यापासून जिव्हाळा. त्याचे कारण फुटबॉल नव्हे, बदल्या. सरकारी नोकरीत मी सात बदल्या काढल्या आहेत. बदलीची ऑर्डर हातात पडल्यावर आधी मुलांच्या शाळेचे बघायचे की गॅसच्या कनेक्शनचे, हे ज्याला कळते तो माझा सोयरा.

इंग्लंडच्या ईशान्येकडचे साउथ शील्ड्स हे ब्राउनचे गाव. खेळायची जागा राइट बॅक. म्हणजे एकत्र कुटुंबातली मधली सून! कामाला सगळ्यात पुढे आणि फोटोत सगळ्यात कडेला. पहिली नोकरी 1978 साली हार्टलपूलला, लीगच्या तळाच्या चौथ्या विभागात. त्या काळी तिथे एक गमतीची रीत होती. शेवटचे चार नंबर ज्यांचे येत त्या क्लबांनी बाकीच्यांच्या दारात हात जोडून उभे राहायचे आणि 'आम्हांला आणखी एक वर्ष राहू द्या' म्हणून मते मागायची. ही पाळी हार्टलपूलवर चौदा वेळा आली, आणि इतकी दुसऱ्या कोणावरच आली नाही. अशा घरात ब्राउनची सात वर्षे गेली. मग हॅलिफॅक्स, मग बोल्टन, मग ब्लॅकपूल. सहाशेवर सामने खेळला, बोल्टनचा कप्तान झाला, पण इंग्लंडच्या संघाचे बोलावणे काही आले नाही.

अशी माणसेच पुढे शिकवायला बसतात. मोठ्या खेळाडूला आपल्याला खेळ कसा येतो हे सांगता येत नाही, कारण तो त्याला आपोआप येतो. ज्याला तो घोटून घोटून आला, त्यालाच पायऱ्या माहीत असतात.

बोल्टनला मदतनीस म्हणून उमेदवारी करून, मध्ये डर्बीला हात पोळून घेऊन, ब्राउन 2006 च्या अखेरीस हल सिटीचा मुख्य वस्ताद झाला. क्लब 1904 चा, आणि एकशे चार वर्षांत एकदाही वरच्या विभागात गेलेला नाही! तो ब्राउनने नेला. मे 2008, वेम्बलीचे मैदान, समोर ब्रिस्टल सिटी. हलचाच भूमिपुत्र डीन विंडास, वय 39, त्याने चेंडू हवेतच टोलवला आणि 1-0. वरच्या विभागात गेल्यावर सुरुवातीलाच आर्सेनल आणि टॉटनहॅम यांना त्यांच्याच घरी जाऊन चीत केले. कोणाच्याही डोक्यात हवा जाईल असेच ते दिवस.

आणि मग आला 26 डिसेंबर 2008, नाताळचा दुसरा दिवस. मँचेस्टर सिटीकडून हाफटाइमलाच 4-0. ब्राउनने मुलांना खोलीत जाऊच दिले नाही. हजारो प्रेक्षकांसमोर, थंडीत, त्यांना मैदानातच गवतावर बसवले आणि बोट नाचवून खडसावले. आपले प्रेक्षक सणासुदीला पदरचे पैसे मोडून आले आहेत, त्यांना काही जाब मिळायला हवा, असे त्याचे म्हणणे. सामना संपला 5-1. म्हणजे उत्तरार्धात 1-1, शिकवणी अगदीच वाया गेली नाही! पण त्या मोसमात पुढे लीगमधला एकच सामना हलला जिंकता आला.

हे सगळे मी आमच्या गावातल्या एका जुन्या वस्तादांना सांगितले. त्यांनी तपकिरीची चिमूट बोटातच धरून ठेवली.

"पोराला मैदानात बोलायचं नसतं, साहेब. टॉवेल टाकायचा अंगावर अन् गाडीत बसवायचं. तालमीत आल्यावर दार लावून घ्यायचं, मग बघायचं काय ते."

"पण प्रेक्षकांनी पैसे मोजलेत त्याचं काय?"

"पैसे कुस्तीचे मोजलेत. पोराच्या अब्रूचे नाही."

मला शाळेत एका मास्तरांनी इन्स्पेक्टरसाहेबांपुढे अंगठे धरून उभे केले होते. अपूर्णांक त्याने सुधारले नाहीत; साहेबांच्या बुटांचा रंग तेवढा अजून आठवतो. त्यामुळे माझे मत वस्तादांच्या बाजूने. तरी ब्राउनसाठी जीव तुटतो तो वेगळ्या कारणाने. हल त्या वर्षी तरला, एका गुणाने. बुडाला तो न्यूकॅसल, ब्राउनच्या जन्मगावाचा शेजारी. एक शतक जे जमले नव्हते ते या गड्याने करून दाखवले, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती दहा मिनिटे. त्याच्या खेळाडूंनीही सोडले नाही. पुढच्या मोसमात त्याच मैदानावर जिमी बुलार्डने पेनल्टी मारली, सगळ्यांना गोल करून खाली बसवले आणि हुबेहूब साहेबासारखे बोट नाचवले! मार्च 2010 मध्ये क्लबने ब्राउनला 'गार्डनिंग लीव्ह'वर धाडले. म्हणजे पगार घ्या, घरी बसा, गुलाबाला पाणी घाला. आपल्याकडे याला सक्तीची रजा म्हणतात. गुलाबाची सोय नसते.

मग पुन्हा बदल्या. प्रेस्टन, साउथएंड (2015 साली तो क्लबही त्याने एक पायरी वर चढवला), स्विंडन आणि तिथून थेट आमचे पुणे. इथे तो आला तेव्हा मोसम निम्म्याहून अधिक सरला होता. दहा संघांत सातवा नंबर लागला. पुढचे वर्ष आपले, असे म्हणेपर्यंत ऑगस्ट 2019 मध्ये क्लबच मिटला! माणसाची बदली मी समजू शकतो, पण इथे कचेरीच उठली. तिच्या जागी हैदराबादला नवा संघ निघाला, ब्राउन ट्रंक उचलून तिकडे गेला, एक सामना जिंकला आणि जानेवारी 2020 मध्ये त्याला नारळ मिळाला.

वस्तादांना हेही सांगितले. ते म्हणाले, "परत इकडं आला तर आणा एकदा तालमीत. दूध पाजू."

तो आला नाही. 2021 मध्ये पुन्हा साउथएंड, 2022 मध्ये बॅरो आणि जानेवारी 2024 मध्ये, वयाच्या 64 व्या वर्षी, किडरमिन्स्टर नावाच्या गावी हजर. या वयात आमच्याकडची माणसे हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांगेला असतात.