कोळशाचा धागा आणि वाहनाचा साज

सरकारी चाकरीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांस बदलीचा हुकूम आणि रेल्वेचे पार्सल ऑफिस या दोन गोष्टींची ओळख करून देण्याचे कारण नाही. पेट्रोलची टाकी रिकामी करावी, यंत्रास गोणपाटाचा अंगरखा चढवावा, नावगावाचा पुठ्ठा बांधावा आणि ती आपल्या आधी पोहोचते की मागाहून, या विवंचनेत प्रवास करावा, हा आमच्या मोटारसायकलीचा शिरस्ता आहे. गेल्या बदलीत ती कानपूरहून विशाखापट्टणास आली तेव्हा तिच्या बाजूच्या झाकणांवर ओरखडे होते आणि चेन कव्हर चेपलेले होते. पुढचे मडगार्ड पुढे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने वर्षभरात गंजून गेले.

दुकानदाराने आम्हांस काळ्या, चकचकीत, विणलेल्या दिसणाऱ्या भागांचा एक संच दाखविला. "साहेब, कार्बन फायबर आहे, विमानाला हेच लावतात," असे तो म्हणाला. विमानाचे नाव निघताच आमचा विवेक हवेत गेला, हे कबूल केले पाहिजे. संच बसविताना मिस्तरीने मागच्या चाकाचे साडीगार्डही काढून टाकले; नव्या साजास ते शोभत नाही, असा त्याचा अभिप्राय पडला. एक पावसाळा गेला आणि झाकणाच्या कोपऱ्यावर ती वीण पापुद्र्यासारखी सुटू लागली. खाली साधे प्लास्टिक होते. आम्ही विकत घेतला होता तो केवळ विणीचा मुलामा होता.

झाली ती फसवणूक लहानशीच. परंतु तिच्या निमित्ताने आम्ही या काळ्या धाग्याच्या इतिहासात शिरलो आणि एक प्रश्न आमची पाठ सोडीना. जी वीण बळाची खूण म्हणून जन्मास आली, ती नुसती शोभा केव्हा झाली? आणि शोभाच हवी असेल, तर ती कोणत्या कसोटीवर घासून घ्यावी?

कोळशाचा धागा तसा जुना आहे. विजेच्या दिव्याच्या शोधात इंग्लंडात जोसेफ स्वान आणि अमेरिकेत टॉमस एडिसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे तंतू पेटविले, ते कोळशाचेच होते. एडिसनने 1879 मध्ये कापसाचा दोरा हवेवाचून भाजून वापरला आणि पुढे जपानातील क्योतोजवळच्या बांबूचे तंतू आणविले. त्या धाग्याकडून बळाची अपेक्षा नव्हती. त्याने तापून प्रकाश द्यावा, एवढेच त्याचे काम. टंगस्टनची तार आली आणि कोळशाचा धागा मागे पडला.

त्याचा दुसरा जन्म 1958 साली झाला. अमेरिकेतील ओहायो राज्यात, युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन हे शास्त्रज्ञ कार्बनवर प्रचंड उष्णतेचे व दाबाचे प्रयोग करीत असता त्यांस ग्रॅफाइटचे अतिसूक्ष्म केस आढळले आणि त्यांचे बळ पोलादाहून कितीतरी अधिक भरले. त्याच सुमारास ओसाका येथे अकिओ शिंदो यांनी पॉलिअॅक्रिलोनायट्रिल या कृत्रिम धाग्यापासून कार्बनचा धागा तयार केला. ज्या जातीच्या धाग्याचे स्वेटर आपण उत्तरेच्या थंडीत घालतो, त्याच जातीचा हा धागा. तो ताणून धरून आधी हवेत मंद भाजावयाचा आणि मग हवेवाचून हजार अंशांहून अधिक तापवावयाचा. कार्बनखेरीज बहुतेक सारे उडून जाते. 1964 च्या सुमारास इंग्लंडात फार्नबरो येथील सरकारी विमान संशोधनसंस्थेत वॉट, फिलिप्स व जॉन्सन यांनी ही कृती अशी सुधारली की धागा खरोखर बलवान झाला. एका तंतूची जाडी सुमारे 7 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाचा साधारण दहावा हिस्सा. असे 3,000 तंतू एकत्र करून त्यांची पट्टी होते, पट्ट्यांचे कापड विणले जाते आणि ते राळेत भिजवून साच्यात घट्ट करतात. ताण सोसतो तो धागा; राळ त्यास जागच्या जागी धरून ठेवते.

या पदार्थाचे पहिले मोठे पाऊल मात्र ठेचाळले. रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या आरबी-211 या विमान-इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन तंतूंची केली. 1970 मध्ये उडत्या पक्ष्याच्या धडकेची परीक्षा घेतली गेली आणि पाती फुटली. त्यांच्या जागी टायटॅनियमची पाती घ्यावी लागली, खर्च वाढत गेला आणि फेब्रुवारी 1971 मध्ये त्या मातबर कंपनीचे दिवाळे वाजले. दिवाळ्याचे ते एकच कारण नव्हते. पण ओढ सोसणारा धागा आघातही सोसेलच असे नाही, हा धडा त्या पक्ष्याने दिला. पोलाद चेपते, वाकते आणि सूचना देते. कार्बन बहुधा चेपत नाही. तो एकदम तडकतो.

दहा वर्षांनी मोटारींच्या शर्यतीत त्याने आपली अब्रू परत मिळविली. 1981 मध्ये जॉन बर्नार्ड यांनी मॅक्लारेनसाठी संपूर्ण सांगाडाच कार्बन तंतूंचा रचला. त्याच वर्षी इटलीत मोंझा येथे जॉन वॉटसन यांच्या गाडीस भयंकर अपघात झाला आणि ते गाडीतून आपल्या पायांनी बाहेर आले. त्यानंतर शंकेस फारशी जागा उरली नाही.

दुचाकीच्या इतिहासात आम्हांस सर्वांत मनोहर वाटते ती न्यूझीलंडातील क्राइस्टचर्चच्या जॉन ब्रिटनची कथा. मोठ्या कारखान्याचे पाठबळ नसता या माणसाने मूठभर सोबत्यांसह 1990 च्या दशकाच्या आरंभी व्ही-1000 ही शर्यतीची मोटारसायकल सिद्ध केली. तिचे अंग, तिची चाके, पुढच्या चाकाचा काटा, सारे हातांनी घडविलेल्या कार्बन तंतूंचे. रूढ अर्थाचा सांगाडा तिला नव्हताच. इंजिनच भार वाहत असे. ब्रिटन 1995 मध्ये ऐन पंचेचाळिशीत निवर्तले. परंतु त्या यंत्राच्या अंगावर झळकत होता तो निळा आणि गुलाबी रंग. ज्या वाहनाने कार्बनचे बळ नखशिखान्त वापरले, त्यास आपली वीण मिरविण्याची गरज वाटली नाही.

विमानातही ती वीण रंगाखाली जाते. आपल्या तेजस विमानाचे जानेवारी 2001 मध्ये प्रथम उड्डाण झाले. त्याच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे 45 टक्के वाटा अशा संमिश्र पदार्थांचा आहे. पण पाहणाऱ्यास तो दिसत नाही. वस्तुतः जेथे खरा भार असतो तेथे धागे पुष्कळदा एकाच दिशेने, भाराच्या ओढीप्रमाणे, घालतात. तिरक्या विणीचा सुंदर थर अनेकदा केवळ वरचा पदर असतो. असे असूनही शर्यतीच्या यंत्रांवर उघडी राहिलेली वीण लोकांच्या डोळ्यांत भरली आणि बाजाराने तिची नक्कल छापली.

हे नवे नाही. दक्षिण भारतातील पोलादापासून घडलेल्या पाणीदार तलवारींवर जी नागमोडी लहर दिसे, ती धातूच्या अंतर्रचनेतून उमटलेली होती. तिची कीर्ती झाली आणि कारागीर साध्या पात्यावर आम्लाने तशीच लहर कोरू लागले. खोट्या पाण्याची तलवार भिंतीवर तितकीच शोभते. फरक रणात कळतो.

मग आमच्यासारख्या सामान्य स्वाराने काय करावे? प्रथम वजनाचा हिशेब मांडावा. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठपट, कार्बनच्या संमिश्राची सुमारे 1.6 पट, तर झाकणांच्या एबीएस प्लास्टिकची केवळ 1.05 पटीच्या आसपास. म्हणजे पोलादी मडगार्ड बदलले तर वजन खरोखर घटते. प्लास्टिकचे झाकण बदलले तर कार्बनचा भाग पातळ असेल तेवढाच नफा. त्या चार-दोनशे ग्रॅमसाठी महिन्याच्या पगाराचा लचका तोडणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

दुसरे, भाग उलटा करून पाहावा. खऱ्या भागाच्या आतल्या अंगासही धागा दिसतो. छापील पापुद्रा वळणावर ताणलेला व विस्कटलेला असतो. तिसरे, ऊन. राळ सूर्यप्रकाशाने पिवळी पडते, म्हणून अतिनील किरण अडविणारा पारदर्शक लेप आवश्यक. चौथे, समुद्रकाठच्या बांधवांनी विशेष ध्यानात ठेवावे की कार्बन विद्युद्वाहक आहे. खाऱ्या दमटपणात तो अॅल्युमिनियमला टेकला तर अॅल्युमिनियम झिजू लागते. मध्ये रबराची अथवा नायलॉनची चकती हवीच. पाचवे, धुराड्याजवळ साध्या राळेचा भाग लावू नये. उष्णतेने ती मऊ पडते. आणि चाक किंवा काटा यांसारखे भार वाहणारे भाग शोभेसाठी मुळीच घेऊ नयेत. तेथे परीक्षेचा दाखलाच पाहावा.

राहता राहिले साडीगार्ड. पापुद्रा सुटला त्या संध्याकाळी आम्ही घरातून निघालो, तेव्हा सौ. मागच्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अहो, तुमची ही काळी नक्षी माझा पदर सांभाळणार आहे का?" आणि त्या रिक्षाने गेल्या. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही हेच आहे. मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलीस हाताची पकड, पायास टेकू आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असले पाहिजे, म्हणजे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकणार नाही. आयुष्यभर नियमांवर बोट ठेवून टिपणे लिहिणाऱ्या आम्हांस तो नियम घरून ऐकावा लागला, याची खंत अजून जात नाही.

आता आमच्या मोटारसायकलीवर कार्बनचा एकच भाग आहे, पुढचे मडगार्ड. कारण तेथले पोलाद या गावी टिकत नाही. ते आम्ही उलटे करून, हातात तोलून घेतले आणि प्रत्येक स्क्रूखाली रबरी चकती घातली. बाजूची झाकणे पूर्वीचीच, रंग देऊन नीट केलेली. चेन कव्हर ठोकून सरळ केलेले. साडीगार्ड अडगळीतून काढून आम्ही स्वहस्ते बसविले. ते जड आहे, जुन्या घाटाचे आहे आणि चकाकत तर मुळीच नाही. परंतु रविवारी समुद्राकाठच्या रस्त्याने आम्ही उभयता फिरावयास निघतो, ते त्याच्याच भरवशावर.