पांढऱ्या टोपीची कुळकथा

आमच्या नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची ग्रामसभा कशी चालते, हे पाहायला देशभरातून माणसं येतात. यंदा पाऊस किती झाला, पाणी किती उरलं, त्यावर कोणतं पीक घ्यायचं, हे तिथं सगळ्या गावासमोर मांडलं जातं. अशा सभेला जिल्ह्यातला जुना माणूस शेतातल्या कपड्यांनिशी येऊन बसत नाही. स्वच्छ सदरा, धोतर किंवा पायजमा आणि डोक्याला पांढरी टोपी, एवढं झालं की तो चारचौघांत जायला तयार होतो. सभा, सोयरीक, साखरपुडा, कोर्टाची तारीख, पंढरीची वारी, सगळीकडे हाच पोशाख चालतो. शहरात जो मान कोट-टायला आहे, तो आमच्याकडे या टोपीला आहे. ती पिढ्यान्‌पिढ्यांची वाटते, पण तिचं वय शंभरीच्या थोडं पुढे आहे, आणि मोठ्या माणसांचं पाहूनच ती आपल्या डोक्यावर आली.

तिच्या आधी महाराष्ट्रात डोक्यावरच्या वस्त्रावरून माणसाची जात, प्रांत आणि ऐपत ओळखू येई. पगडी, पागोटं, फेटा, मुंडासं, प्रत्येकाची घडण वेगळी आणि मानही वेगळा. लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चित्रांतून पगडी-उपरण्याचा रुबाब आजही आपल्या डोळ्यांसमोर आहे. या रुबाबाला महात्मा फुल्यांनी आधीच धक्का दिला होता. 2 मार्च 1888 रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानाचा समारंभ झाला. दागदागिने ल्यायलेल्या पाहुण्यांत जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेशात आले आणि खरा देश या दागिन्यांत नाही, हे त्यांनी राजपुत्राला तोंडावर सांगितलं. समारंभाचा पोशाख कष्टकऱ्याचाही असू शकतो, हा धडा महाराष्ट्राला तेव्हा मिळाला.

या गांधी टोपीचा जन्म त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी झाला. ती कशी ठरली, हे गांधीजींनी काका कालेलकरांना सांगितलं आणि साताऱ्यात जन्मलेल्या कालेलकरांनी ते लिहून ठेवलं. गांधीजींनी प्रांतोप्रांतीची शिरोभूषणं डोळ्यांखालून घातली होती. फेटा दिसायला उत्तम, पण त्याला कापड फार लागतं. पगडी घाम पिते आणि मळलेली कळत नाही. मराठी मंडळींत तेव्हा चालणारी फेल्टची टोपी तर परदेशी. शेवटी काश्मिरी टोपीचा घाट त्यांना पटला. ती हलकी, शिवायला सोपी आणि घडी करून खिशात ठेवता येणारी होती. मात्र काश्मिरी टोपी लोकरीची, आपल्या उन्हाला ती कशी चालणार? म्हणून कापड सुती घेतलं. रंग पांढरा, कारण त्यावर मळ लगेच दिसतो आणि टोपी वारंवार धुवावी लागते. सपाट घडी होत असल्यामुळे धुतल्यावर ती इस्त्री केल्यासारखी बसते. या टोपीच्या प्रत्येक शिवणीला असं काही ना काही कारण आहे.

ज्यांचं नाव तिला लागलं, त्यांनी मात्र ती फार थोडा काळ वापरली. 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुराईत गांधीजींनी सदरा-टोपी सोडून पंचा स्वीकारला. तोवर टोपी लोकांची झाली होती. सरकारी कचेऱ्यांत तिला मज्जाव होऊ लागला आणि त्यामुळेच तिचा मान वाढला. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, तेव्हा शिपाई रस्त्यात माणसांच्या डोक्यावरची टोपी उतरवत. ती घालून बाहेर पडायलाही छाती लागे. डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं आणि टोपीची गावाशी सोयरीक पक्की झाली. पुढे 1942 ते 1945 या काळात नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू कैदेत होते. अचकनवर तीच टोपी घालून ते नंतर पंतप्रधान म्हणून जगासमोर उभे राहिले. 1 मे 1960 रोजी राज्याची धुरा घेणाऱ्या यशवंतराव चव्हाणांच्या डोक्यावरही तीच होती. पंतप्रधान, मुख्यमंत्री, सोसायटीचा चेअरमन, गावचा सरपंच आणि त्याच्याकडे अर्ज घेऊन आलेला शेतकरी, सगळ्यांच्या डोक्यावर एकाच घाटाची टोपी आली. पगडीच्या काळात हे घडणं शक्य नव्हतं.

एक मोठा माणूस या वाटेनं गेला नाही, आणि त्याचं कारण तितकंच सबळ होतं. ज्यांना चांगलं कापड अंगावर घालायचीच बंदी होती, त्यांच्यासाठी साधेपणाचं व्रत म्हणजे जुनीच शिक्षा ठरली असती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सूट घातला, आणि आज गावोगावच्या पुतळ्यांवर तो निळा सूट सन्मानाची खूण म्हणून उभा आहे. टोपी आणि सूट दिसायला परस्परविरोधी, पण दोन्हींनी पोशाखातून जात ओळखण्याची सवय मोडली.

ऑगस्ट 2011 मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजाऱ्यांनी दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषण केलं. तेव्हा त्यांच्या नावाच्या टोप्या शहरी तरुणांनीही चढवल्या. ती लाट ओसरली, तरी आमच्या गावांतली टोपी कायम आहे. हिवरे बाजारचे सरपंच म्हणून पोपटराव पवारांनी 1989 पासून जे काम उभं केलं, त्याला 2020 ची पद्मश्री मिळाली. पण त्या गावाचा मान कुणाच्या पोशाखातून आलेला नाही. तो श्रमदानातून, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पाळण्यातून आला आहे. फुले, गांधी आणि यशवंतराव यांच्या वेशाला मान मिळाला, तोही त्यांच्यामागे काम होतं म्हणून.

मान असा कामातून येतो, म्हणून आता आहेरातल्या टॉवेल-टोपीबद्दल बोललं पाहिजे. लग्नात मानपान म्हणून आपण गठ्ठ्यानं टोप्या वाटतो. त्या विरळ कापडाच्या, कुणाच्याच मापाच्या नसतात आणि मांडवातच पडून राहतात. धुऊन पुन्हा घालता यावी म्हणून जी टोपी जन्माला आली, तिला आपण एकदा डोक्याला लावून टाकून देण्याची वस्तू केली आहे. येत्या लग्नसराईत हे थांबवा. द्यायचीच असेल तर मोजक्या माणसांना, त्यांच्या मापाची, धुतल्यावर टिकणारी खादीची टोपी द्या. नाहीतर तेवढे पैसे गावच्या शाळेला द्या. टोपीचा मान राखायचा, तर ती वापरात राहिली पाहिजे.